परदेशातून ठाण्याला आलात? परत निघायचा शेवटचा दिवस सगळ्या गोतावळ्यासोबत कसा घालवायचा

शिकायला, नोकरीला किंवा लग्न होऊन नुकतेच बाहेर गेलात आणि आता पहिल्यांदाच सुट्टीवर घरी आलाय, तर हे तुमच्यासाठी. पहिल्या भेटीत बहुतेकांचं असंच होतं की सगळी सुट्टी बँक, दातांचा डॉक्टर, आधारचं अपडेट, कुणाचं तरी लग्न आणि गावाची एक फेरी यात निघून जाते आणि ज्यांच्यासाठी आलो ते काका, आत्या, मामा, मावश्या सगळे उरतात शेवटच्या दिवसाला. मग त्या दिवशी सकाळी वाशी, दुपारी डोंबिवली, संध्याकाळी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये, बॅग अर्धी उघडी, आणि आजी बिचारी सकाळपासून दाराकडे कान लावून बसलेली.

आमचं घर पाचपाखाडीत, स्टेशनपासून लांब नाही, त्यामुळे आमच्या घराण्यातलं जे कुणी बाहेरून येतं त्याचा शेवटचा दिवस बहुतेक आमच्याकडेच होतो. एवढ्या जणांना इथून गाडीत बसवून दिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. शेवटच्या दिवशी काम म्हणून एकही ठेवायचं नाही, तो दिवस फक्त माणसांबरोबर बसायचा. खाली जे काही लिहिलंय ते सगळं तेवढं जमावं म्हणून आहे.

आधी तारीख आणि विमानतळ नीट बघा

मुंबईहून बाहेर जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, वेळ रात्री १.४० असं असेल तर घरातून निघायचं १४ तारखेला रात्री, म्हणजे तुमचा शेवटचा दिवस १४. घरात सांगताना विमानाची वेळ सांगूच नका, "१४ ला रात्री साडेआठला घरातून निघणार" एवढंच सांगा, नाहीतर निम्मी मंडळी १५ ला भेटायला यायचं ठरवून बसतात आणि मग फोनवरच रडारड.

दुसरं, नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय. तिकिटावर बीओएम असेल तर सहार, म्हणजे मुंबईचा जुना विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. खारघर किंवा ऐरोलीत राहणारे नातेवाईक हौसेनं म्हणतात की आता काय, विमानतळ आपल्या दारात आलाय, आमच्याकडूनच निघा. तर ते ऐकायच्या आधी तिकीट काढून ती तीन अक्षरं स्वतः वाचा, कनेक्टिंग विमान असेल तर दोन्ही तिकिटांवरची वाचा.

तिसरं, वार कोणता ते बघा. रविवार असेल तर सगळ्यांना सुट्टी हे खरं, पण रविवारी बऱ्याचदा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद, मेन लाइनवर नाहीतर ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्स हार्बरवर, आणि कोपरखैरण्याची आत्या ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उतरणार असेल तर तिचा सगळा दिवस त्या ब्लॉकवर अवलंबून. शनिवारी संध्याकाळपर्यंत ब्लॉकच्या वेळा कळतात, त्या बघून घराच्या ग्रुपवर टाका. गणपती विसर्जन, दहीहंडी, नवरात्रात टेंभीनाक्याच्या देवीची गर्दी, पाडव्याची शोभायात्रा यापैकी काही त्या दिवशी येत असेल तर जुन्या ठाण्यातले रस्ते वळवलेले किंवा बंद असतात, मग जमायचं घर शक्यतो हायवेच्या बाजूचं ठरवा. आणि जून ते सप्टेंबर असेल तर भरतीची वेळ बघा. मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की सगळे अंदाज चुकतात, अशा दिवशी तासभर आधी निघायचं.

आठवडाभर आधी: घर एक, माणसं सगळी

सगळ्यांच्या घरी जाऊन निरोप घ्यायची पद्धत चांगली आहे पण ती शेवटच्या दिवसासाठी नाही. एका दिवसात ठाणे, कळवा, वाशी, डोंबिवली असं फिरलात तर प्रत्येक घरी वीस मिनिटं, चहा, "बस ना अजून थोडं" आणि घड्याळ बघत उठणं, यात कुणाचंच समाधान होत नाही. एकच घर ठरवा. सगळ्यात वयस्कर माणूस जिथे राहतो ते घर, आणि तिथे जागा फारच कमी असेल तर त्याच्यापासून जवळचं, लिफ्ट असलेलं. जुन्या नौपाड्यातल्या इमारतींना बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही, गुडघेदुखीवाल्या मावशीला तिसरा मजला चढायला लावू नका.

जे येऊच शकत नाहीत, अंथरुणाला खिळलेले, नुकतंच ऑपरेशन झालेले, त्यांना आधीच्या आठवड्यात जाऊन भेटा. शांतपणे, हातात वेळ ठेवून. शेवटच्या दिवशी घाईघाईत डोकावून जाणं त्यांना जास्त लागतं.

बोलावणं ग्रुपवर टाका पण मोठ्यांना फोन करा. काकांना ग्रुपवर "सगळ्यांनी या" असं टाकलेलं बोलावणं वाटतच नाही, "काका, शुक्रवारी सकाळी अकराला या, जेवायलाच या, काकूंना घेऊन या" असं फोनवर ऐकलं की ते साडेदहालाच येतात. येणाऱ्यांना वेळ वाटून द्या: लांबचे आणि वयस्कर सकाळी अकरा ते चार, ऑफिसवाले भाऊ-बहिणी संध्याकाळी पाचनंतर. सगळे एकदम संध्याकाळी आले तर घरात पाय ठेवायला जागा नसते आणि बोलणं कुणाशीच होत नाही.

आता खाऊ. "कुणी काही आणू नका" हे सांगून उपयोग शून्य, आपल्याकडे रिकाम्या हातानं निरोप कुणी देत नाही आणि देऊही नये. त्यापेक्षा वाटणी करून द्या, वजनासकट. आत्या, तुमच्याकडून मेतकूट पाव किलो. काकू, थालिपिठाची भाजणी अर्धा किलो. मामी, कोकम पाव किलो. मावशी, कुरडया फक्त एक छोटा डबा. ज्यांना वस्तू नेमून दिली त्यांना फार बरं वाटतं की आपलंच मागितलं, आणि तुमच्या बॅगेचा हिशोब आठवडाभर आधी पक्का होतो. आणि हे सगळं आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचवा म्हणून सांगा. शेवटच्या दिवशी आलेला खाऊ त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून खायचा, असं आधीच जाहीर करून टाका.

आदल्या दिवशी: बॅग बंद

यावर मी जरा जास्त लिहिणार कारण शेवटचा दिवस खराब होतो तो बॅगेमुळेच.

आधी तिकिटावर बघा किती बॅगा आणि किती किलो. अमेरिकेच्या तिकिटावर इकॉनॉमीत बऱ्याचदा २३ किलोच्या दोन मिळतात, गल्फ-युरोपला वेगळं, स्वस्त तिकिटावर एकच पण असते. ३२ किलोच्या वर एक बॅग सहसा कुणीच घेत नाही, जास्तीचे पैसे भरले तरी. हुकवाला छोटा काटा दोन-तीनशे रुपयांत मिळतो तो घ्या, आणि २३ ची बॅग घरी २२ लाच थांबवा, घरच्या काट्यावर आणि काउंटरच्या काट्यावर थोडा फरक पडतोच.

काय न्यायचं नाही ते आधी बाजूला काढा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, त्यात तेल असतं म्हणून तो पेट घेणारा पदार्थ धरतात. वाटलेला मसाला, चटण्या, लोणचं हे सगळं चेक-इन बॅगेत, केबिनच्या बॅगेत नाही. पॉवर बँक बरोबर उलट, ती केबिनमध्येच.

त्यापुढे देशाप्रमाणे बदलतं. अमेरिकेत भारतातून येणाऱ्या प्रवाशाच्या सामानातला तांदूळ चालत नाही, खापरा नावाच्या किड्याच्या भीतीनं त्यांनी २०११ पासून बंदी घातलीय, त्यामुळे आंबेमोहोरची ती पिशवी घरीच राहू दे. कढीपत्ता आणि ताजे आंबे पण नाहीत. युरोप आणि इंग्लंडला दुधाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी गेली. बेसनाचे लाडू तुपातले असतात, न्यायचे असतील तर त्या देशाच्या कस्टम्सच्या साइटवर एकदा बघून घ्या. ऑस्ट्रेलियाला खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना सांगावीच लागते, न सांगता सापडली तर दंड मोठा. आणि दुबई-अबुधाबीला किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांनी खसखस अजिबात न्यायची नाही, तिथे तिच्यावर बंदी आहे आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. अनारसे खसखशीवर थापतात, काही घरांत मसाल्यातही खसखस असते, तर मसाला कुणी दिला असेल तर सरळ विचारा यात काय काय घातलंय. आजीला वाईट वाटेल म्हणून न विचारता नेऊ नका.

लोणचं. काचेची बरणी नको. झाकण घट्ट बसणारी प्लॅस्टिकची बाटली घ्या, गळ्यापर्यंत भरू नका, दोन बोटं मोकळी सोडा. झाकण लावायच्या आधी तोंडावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म दोन पदरी ताणून बसवा, त्यावर झाकण, झाकणाभोवती चिकटपट्टी. मग ती बाटली दोन झिप पिशव्यांत एकात एक, प्रत्येकीतली हवा दाबून काढून, आणि मग जीन्सच्या पायात घालून बॅगेच्या मधोमध उभी. कडेला नाही, कडेला आपटते. आमची आजी या सगळ्यावर अजून एक जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळून गाठ मारते आणि गाठ ओढून बघते, तिला तेवढं केल्याशिवाय चैन नाही, आणि खरं सांगायचं तर तेल झिरपलंच तर ते त्या सुती तुकड्यातच मुरतं, कपड्यांना लागत नाही. सोडे आणि सुके बोंबील न्यायचे असतील तर तीन पिशव्या आणि बाहेरून डबा. वासाचं कळायला एक रात्र बॅग बंद ठेवून सकाळी उघडून बघा.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. दागिने कुणी दिले तर केबिनच्या बॅगेत किंवा अंगावर, चेक-इनमध्ये कधीच नाही, आणि बिलाचा फोटो फोनमध्ये.

पासपोर्ट, व्हिसाचे कागद, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) असेल तर ते कार्ड, अमेरिकेत शिकणाऱ्यांनी कॉलेजचा आय-ट्वेंटी फॉर्म, त्यावरची प्रवासाची सही जुनी झाली नाही ना ते बघून, सगळं एका पाऊचमध्ये आणि ते पाऊच घरातल्या एकाच ठरलेल्या जागी. आमच्याकडे देव्हाऱ्याच्या खालचा खण. वेब चेक-इन बहुतेक ठिकाणी २४ ते ४८ तास आधी उघडतं, ते पण आदल्याच दिवशी. मग रात्री झोपायच्या आधी बॅगांना कुलूप लावा आणि त्या आतल्या खोलीत ठेवा. हॉलमध्ये नाही. उभ्या बॅगा दिवसभर डोळ्यासमोर असल्या की घरातली माणसं सकाळपासूनच निरोपाच्या मूडमध्ये जातात.

सकाळ: लवकर उठा, एकच फेरी

ज्या दिवशी निघायचं त्या दिवशी सहाला उठा. तलावपाळीला एक चक्कर, कौपिनेश्वराचं दर्शन, वाटेत कटिंग, आठपर्यंत घरी. एवढंच, यापेक्षा जास्त बाहेरचा प्लॅन नको. मामलेदारची मिसळ खायची राहिली असेल तर ती आदल्या दिवशी, पुढे एवढा लांबचा प्रवास असताना त्या तिखटाशी खेळू नये. मॉल, शॉपिंग, "फक्त पाच मिनिटं राम मारुती रोडवर जाऊन कुर्ता घेऊन येते" यातलं काहीही नको. राम मारुती रोडवर पाच मिनिटांत कुणाचंही काम झालेलं मी पाहिलेलं नाही.

या सकाळच्या फेरीला घरातल्या एकालाच सोबत घ्या. वडील किंवा भाऊ, ज्याच्याशी सुट्टीत धड बोलणं झालं नाही तो. चालताना बाप-लेकांचं जे बोलणं होतं ते घरात समोरासमोर बसून होत नाही.

ओटी आणि नमस्कार

लेक किंवा सून परत निघाली की ओटी भरतात, आणि पहिल्यांदाच जाणाऱ्यांना अडचण येते ती इथे. नारळ, तांदूळ, खण, सुपारी, हळदकुंकू. नारळ केबिनच्या बॅगेत सिक्युरिटीला अडतो, तांदळाचं वर सांगितलंच. मग काही जणी ओटी रात्री निघताना घेतात आणि तांदूळ-नारळ तसाच कुणाच्या तरी हातात देऊन गाडीत बसतात, ते आईला मनातून लागतं.

आमच्याकडे ओटी सकाळीच भरतात. अकराच्या आत. मग तोच नारळ लगेच फोडायचा, त्याचं दूध काढून सोलकढी किंवा खोवून नारळीभात, आणि ओटीतले तांदूळ धुऊन त्याच नारळीभातात. दुपारी जिची ओटी भरली तिला तो भात पहिला वाढायचा. ओटी तिच्याच पोटात गेली, मान राखला गेला, आणि बॅगेत गेला फक्त खण आणि हळदकुंकवाची पुडी. घरातल्या मोठ्यांना हे आधी विचारून घ्या, प्रत्येक घरची रीत वेगळी, पण मला तरी अजून कुणी नाही म्हटलेलं आठवत नाही.

जोडीदार परदेशी किंवा दुसऱ्या प्रांतातला असेल तर त्याला आदल्या दिवशी सगळं समजावून सांगा: वाकून नमस्कार कुणाकुणाला करायचा, ओटी भरताना पदर किंवा ओढणी कशी पुढे धरायची, हातावर दही-साखर ठेवली तर ती तिथेच खायची. माहीत नसलं की ती व्यक्ती कोपऱ्यात अवघडून उभी राहते आणि आपल्या बायकांना वाटतं तिला आवडलं नाही. सांगितलं असलं की उलट सगळ्यात जास्त कौतुक तिचंच होतं.

पाकिटं येतात, त्याचंही ठरवून ठेवा. रोख भारतीय रुपये बाहेर नेताना मर्यादा २५,००० ची आहे. तेवढे तिकडे घेऊन जायची गरजही नसते, पुढच्या वेळी उतरल्यावर टॅक्सीपुरते ठेवा आणि बाकीचे आईकडे द्या. पाकिटावर कुणाचं आहे ते नाव मात्र लगेच लिहा, पुढे त्यांच्याकडच्या कार्याला आपल्याला द्यायचं असतं.

दुपार: वेळ सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा

जेवण साधं ठेवा. वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, सोलकढी, एक गोड. जेवण बाहेरून मागवलं तरी चालेल, पण ज्या काकू-मावश्या आल्यात त्यांना स्वयंपाकघरात अडकवू नका. बायका आत पोळ्या लाटतायत आणि पाहुणा बाहेर पुरुषांबरोबर बसलाय, असा शेवटचा दिवस असेल तर भेट अर्ध्याच माणसांशी झाली.

जेवणं झाली की सगळ्यांचा फोटो. संध्याकाळी नाही, दुपारी, उजेड असताना, सगळ्यांचे चेहरे ताजे असताना. आजी-आजोबा मध्ये खुर्चीत, लहान मुलं पुढे सतरंजीवर, आणि फोटो वॉचमनकाका नाहीतर शेजारच्या कुणाला तरी काढायला सांगा म्हणजे घरातलं कुणी राहत नाही.

मग दोन ते चार हा वेळ आजीचा. किंवा आजोबांचा, जे कुणी घरात मोठं असेल त्यांचा. दार लोटून घ्या, फोन बाहेर ठेवा, फक्त रेकॉर्डिंगला एक ठेवा आणि तो चालू आहे हे त्यांना सांगा. काय बोलायचं असा प्रश्न पडतो बऱ्याच जणांना, तर जुना अल्बम काढा. एकेक फोटो हातात द्या आणि विचारा हे कोण. आजी जे नाव सांगेल ते फोटोच्या मागे पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा, बॉलपेननं नाही, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. नावांच्या मागोमाग गोष्टी येतातच, कोण कुठे राहायचं, कुणी कुणाला शिकवलं, कुणाचं लग्न कसं जमलं. काही घरांमध्ये ही माहिती आता एकाच माणसाकडे उरलीय. हे काम मला या सगळ्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं वाटतं आणि ते नेमकं गोंधळात राहून जातं, म्हणून घड्याळ लावून करा.

तिकडे वाढणारी मुलं असतील तर त्यांचं वेगळं बघायला लागतं. सगळे काका-मामा त्यांना एकसारखेच वाटतात. एका कागदावर चेहऱ्यांचे छोटे फोटो आणि खाली मराठीत नातं, असं करून द्या आणि जो कुणी दारातून येईल त्याच्या नावापुढे मुलांनीच टिक करायची. मुलं दिवसभर त्यात रमतात आणि येणाऱ्याला "तुम्ही बाबांचे मामा ना" असं ऐकायला मिळतं. आजोबांना सांगा मुलांना गच्चीत किंवा खिडकीत घेऊन आगगाडीची गोष्ट सांगायला: १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली पॅसेंजर गाडी आपल्या ठाण्यालाच आली, चौदा डबे, तीन इंजिनं, त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. ही तीन नावं मुलं तिकडे शाळेत जाऊन सांगतात. मग चार वाजता मुलांना झोपवा, रात्रीचं जागरण आहे.

एक गोष्ट या दिवशी बोलायचीच नाही, ती म्हणजे जागा, वाटणी, फ्लॅटचे कागद, सह्या. कुणी काढलंच विषय तर "काका, यावर पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल करू, नीट वेळ काढून" असं सांगून तिथेच थांबवा. निघायच्या घाईत कशावरही सही करू नका, पॉवर ऑफ अॅटर्नीवर तर नाहीच.

संध्याकाळ आणि निघणं

वेळ उलटी मोजा. विमान १.४० चं, विमानतळावर साडेदहाला पोचायचं म्हणजे तीन तास हातात. ठाण्याहून सहार पंचवीस किलोमीटरच्या आसपास, रिकाम्या रस्त्यावर पाऊण तास, पण संध्याकाळी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आणि पवई भरलेलं असतं, तेव्हा दोन तास धरा. म्हणजे साडेआठला गाडी हलली पाहिजे. घोडबंदरला कासारवडवलीकडे राहणाऱ्यांना गायमुख-फाउंटनवरून दहिसर आणि मग वेस्टर्न एक्सप्रेस हायवे असा दुसरा रस्ता आहे, पण गायमुखचा घाट अडकला की अडकला, निघायच्या अर्धा तास आधी मॅपवर दोन्ही बघा. मुलुंडच्या आणि ऐरोलीच्या नाक्यावर लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, त्यामुळे तिथला पूर्वीचा खोळंबा कमी झालाय.

सातला हलकं जेवण, दहीभात किंवा मऊ भात-मेतकूट. साडेसातला आंघोळ, प्रवासाचे कपडे. आठला देवाला नमस्कार, मग मोठ्यांना, वयाच्या क्रमानं. प्रत्येकापाशी थांबा. वाकून, उठून, हात हातात घेऊन एक तरी वाक्य त्या माणसापुरतं बोला: "काकू, गुडघ्याचं ते औषध वेळेवर घ्या", "मामा, नातीच्या बारावीच्या रिझल्टचा मला फोन करा." या अर्ध्या तासासाठी वेळ राखूनच ठेवायचा, तो आधीच्या गप्पांनी खाल्ला की मग बुटाची लेस बांधता बांधता नमस्कार होतात. रडू आलं तर येऊ द्या, कुणी "रडायचं नाही हां" म्हणालं तरी. म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं की पुढची भेट लांब आहे.

आणि खरा निरोप हा घरातच घ्या, विमानतळावर नाही. टर्मिनल दोनच्या दारात तिकीट आणि पासपोर्ट बघूनच आत सोडतात, बाकीच्यांना बाहेरच थांबावं लागतं. वर चौथ्या लेव्हलला गाडी जास्त वेळ उभी करू देत नाहीत, मागून शिट्ट्या वाजत असतात, बॅगा उतरवायची गडबड, अशा ठिकाणी पंचाहत्तरीच्या आत्याला नेऊन काय मिळतं? दोन माणसं पुरे, एक गाडी चालवणारा आणि एक सोबत, आणि ती शक्यतो आई किंवा बाबा, कारण गाडीतला तो दीड-दोन तास त्यांचा हक्काचा आहे. बॅगा मोठ्या असतील तर आधीच बघा, दोन मोठ्या बॅगा आणि चार माणसं साध्या हॅचबॅकमध्ये मावत नाहीत. ट्रॉली आणायचं काम सोबत्यानं करायचं. आत गेल्यावर चेक-इन झालं की एक फोन, इमिग्रेशन झालं की एक मेसेज, तोपर्यंत घरी कुणी झोपत नाही.

मागे राहिलेल्यांसाठी पण

हे सहसा कुणी सांगत नाही. तुम्ही गेल्यावर घर एकदम रिकामं होतं आणि आईबाबा दोघंच उरतात. एका भावंडाला आधीच सांगून ठेवा त्या रात्री तिथेच झोपायला. चादरी, भांडी, सतरंज्या दुसऱ्या दिवशी आवरल्या तरी चालतं.

पोचल्यावर पहिला फोन आजीला, ग्रुपवर मेसेज नंतर. वेळेचा फरक बघून करा, पण तिनं "कितीही वाजता कर" असं सांगितलं असेल तर खरंच कितीही वाजता करा, ती फोन उशाशी घेऊनच पडलेली असते. भारतातलं सिम बंद पडू देऊ नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, महिन्याचं रिचार्ज घरातल्या एकाला नेमून द्या. दुपारचा फोटो आठवड्याभरात छापून घ्यायचं काम एखाद्या चुलतभावाकडे सोपवा, मोठ्यांच्या घरी एकेक प्रत पोचली पाहिजे, फोनमधला फोटो त्यांना दिसत नाही. आणि वजनात न बसलेलं जे काही काढून ठेवलंत, कुरडयांचा डबा, दुसरी मसाल्याची पुडी, पितळेचं ते निरांजन, त्याची यादी आईच्या फोनमध्ये करून एका पिशवीत नाव घालून ठेवा. ओळखीतलं कुणी ना कुणी पुढे तिकडे निघतंच, त्यांना आधी वजन विचारायचं, पिशवीत नक्की काय काय आहे ते उघडून दाखवायचं, आणि मगच द्यायची.